चकचकीत कडीचा स्पीकर

वायरमनच्या बायकोनं स्पीकरच्या खोक्याला कान लावला, मग दोन पावलं मागं सरून म्हणाली, "अहो, हे बोलतंय का कण्हतंय?"

वायरमनला राग आला. तसं त्याला रागवायला फार काही लागत नसे, आणि समोरचा खरं बोलला तर मुळीच लागत नसे. "शेतात लावल्यावर बघ," तो म्हणाला. "घरात आवाज दबतो."

दबतो कसला! मोकळ्या रानात तर तो पार विरून जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. निम्म्या गावाच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस तो. जुन्या रेडिओतून काढलेला त्याचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे मुंगीएवढा जीव. तसल्याला हलका स्पीकर लागतो, पातळ कागदी पडद्याचा, फुंकर मारली तरी थरथरणारा. तसे दोन भंगारवाल्याकडं पडलेही होते, पण रंग उडालेले आणि एकाच्या कडेला चिकटपट्टी. शेजारीच कुठल्याशा मोटारगाडीतून काढलेला एक मोठा स्पीकर होता. चकचकीत कडी, जाड रबरी पडदा, मागं हे एवढं लोहचुंबक. त्या दोन्हींच्या भावात हा एक येत होता. पण त्या धुडाला हलवायचं तर अ‍ॅम्प्लिफायरही तसाच दांडगा हवा. आता शेत पडलं रस्त्याला लागून, येणारा-जाणारा वर मचाणाकडं बघणार. कळत होतं, पण वळत नव्हतं. घेतला मोठा.

हा सगळा खटाटोप होता तात्यासाठी. तात्या म्हणजे वायरमनचा चुलता. आईबाप गेल्यावर त्यानंच याला लहानाचा मोठा केला. ज्वारी दाण्यावर आली की तात्या मचाणावर चढायचा आणि अशी हाळी द्यायचा की पाखरं शिवार सोडून पळायची. यंदा मात्र त्याच्या घशात गाठ निघाली. ती कापून काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आता ओरडायचं नाही. ओरडलात तर आहे तो आवाजही जाईल." वायरमननं तात्याची हाळी गाठ कापायच्या आधीच मोबाइलमध्ये भरून ठेवली होती. ती खोक्यातून वाजवायची आणि तात्यानं सावलीला नुसतं बसायचं, असा बेत होता.

खोकं मचाणावर चढलं. तात्यानं डोळे बारीक करून ते पाहिलं.

"झकास दिसतंय रे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"ऐकू येतंय ना, तात्या?"

"येतंय की. मलाच लाजवतंय."

वायरमन निर्धास्त झाला. खरं तर तिथंच त्यानं रस्त्यापर्यंत चालत जाऊन ऐकायला हवं होतं. गेला नाही. वाईट ऐकायला कोण आपल्या पायानं जातो?

पण खरंच पाखरं फिरकेनात. कणसं टपोरी भरली. वायरमन दुकानाच्या पायरीवर बसून फुशारक्या मारू लागला.

"तात्या हल्ली बोलतच नाहीत," बायको एकदा म्हणाली. "पाणी हवं तरी खूण करतात."

"डॉक्टरीणबाईंचं ऐकतात. शहाणा माणूस."

एक दिवस पक्कड शेतात राहिली म्हणून तो भल्या सकाळी माघारी गेला. रस्त्यावरूनच हाळी ऐकू आली. छाती फुगली त्याची. उगाच आपण शंका घेत होतो, असं वाटलं. तेवढ्यात हाळी मध्येच फाटली आणि मागोमाग खोकल्याची उबळ आली. त्यानं भरून घेतलेल्या हाळीत खोकला नव्हता.

तो धावत गेला. मचाणाआड तात्या उभा होता, एक हात गळ्यावर दाबून ओरडत. वर खोकं आपलं स्वतःशीच पुटपुटत होतं.

"तात्या, हे काय करताय?"

चोरी पकडल्यासारखा तात्या ओशाळला. "त्याला जरा हातभार," तो कसाबसा कुजबुजला. "तू एवढ्या हौसेनं केलंस. म्हटलं, चारचौघांत पोराचं हसं नको."

वायरमनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. "मला माहीत होतं, तात्या," तो म्हणाला. "घेतानाच माहीत होतं. दिसायला चांगला म्हणून घेतला मी तो."

तात्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यानं परत उघडलं, मग मिटलं आणि पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

वायरमननं ते दोन कागदी स्पीकर आणून बसवले. तोच मुंगीएवढा अ‍ॅम्प्लिफायर, पण हाळी अशी उठली की पलीकडच्या शिवारातली पाखरंसुद्धा उडाली. शेजारीण हातातला विळा टाकून बांधापर्यंत आली.

"तात्या, काय आवाज लागलाय हो आज," ती हसत म्हणाली. "बरे झालात म्हणायचं. घशाला आराम मिळाला ना. पुतण्या असावा तर असा."

तात्यानं हसून वायरमनकडं बोट दाखवलं आणि जोरजोरात मान डोलावली. वायरमन खाली बघून वायरचं टोक सोलत राहिला. ते आधीच सोललेलं होतं.