आरतीच्या डबीतली नाव

मित्रांनो, मी देवघरातून बोलते आहे, पण हात जोडू नका. मी देव नाही. मी एक जुनी डिस्क आहे, व्हिडिओ गेमची! माझ्या डबीवर गणपतीचं चित्र आहे, 'आरती संग्रह' असं ठसठशीत लिहिलेलं आहे, वर हळदीकुंकवाची बोटंही उमटली आहेत. यातलं काहीएक माझं नाही. ही डबी मला कशी मिळाली तेच सांगायचं आहे. मध्येच उठून जाऊ नका, मला ऐकणारी माणसं फार कमी मिळतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिक वितळवून साच्यात दाबलं, वर चंदेरी मुलामा चढवला, की झालो आम्ही बहिणी तयार. दिसायला आरशासारख्या गुळगुळीत, पण माझ्या पोटात एक अख्खी नदी आहे. त्या नदीत एक नाव आणि नावेत दोन नावाडी. एकाने डावं वल्हं मारायचं, दुसऱ्याने उजवं. दोघांनी एकदम मारलं तर नाव सरळ जाते, नाहीतर गरगर फिरते आणि खडकावर आपटते. एकट्याने हा गेम खेळताच येत नाही. माझं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. घरात ते कुणी कधी घेतलं नाही. सगळ्यांसाठी मी 'नाववाला गेम'.

इंदूरला मी भंवरकुआं चौकातल्या एका दुकानात उतरले. तिथे सगळी कोचिंगची पोरं. कोचिंगला जायच्या वाटेवर काचेतून बघायची आणि उसासा टाकून पुढे जायची. त्यातलाच भूषण मात्र आत आला. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भिया, ओरिजिनल है. पर दो लोग लगते हैं इसमें."

"दोनच तर आहोत घरी, मी आणि रुची," भूषण आपल्याच नादात मराठीत म्हणाला. दुकानदाराला ते कळलं की नाही कोण जाणे, पण मी पिशवीत पडले.

घर बडा गणपतीजवळ, दुसऱ्या मजल्यावर. तिथे रुची वाट बघतच होती. भूषणची धाकटी बहीण, तेव्हा शाळेत जायची. वडील मनीष हातोदच्या मंडीत नोकरीला, आई शैलजा शिक्षिका आणि आजोबा जयसिंगराव. आजोबांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. हे ते नव्या माणसाला चहाच्या आधी सांगतात.

काय सांगू मित्रांनो, ते दिवस! शाळा सुटली, कोचिंग सुटलं, की मी मशीनमध्ये आणि ही दोघं टीव्हीसमोर. "दादा, आता!" "अगं थांब ना!" "थांब काय, गेली नाव!" भूषणला घाई फार. रुचीचं त्यावरून तोंड चालू. आजोबा पेपरआडून म्हणायचे, "अरे, एकाने तरी दुसऱ्याचं ऐका." मग गल्लीतला अंकुर मला मागून न्यायचा. एकदा त्याने पोहे खाता खाता मला हाताळलं. अंगावर तेलाची बोटं आणि एक ओरखडा घेऊन मी घरी आले. रुची त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. मला राग आला होता, पण खरं सांगू? गल्लीभर फिरण्यात मजाही होती. एका घरातून दुसऱ्या घरात जाणं, हे सुख आमच्या जातीलाच आहे.

सगळे टप्पे या दोघांनी पार केले. राहिला तो शेवटचा, मोठा धबधबा. तिथे दर वेळी भूषण आधी वल्हं मारायचा आणि नाव उलटायची.

एक दिवस भूषणने जाहीर केलं, "रुची, हाच गेम मी ऑनलाइन घेतला. सेलमध्ये लागला होता, स्वस्तात मिळाला." झालं! माझा जीव खाली-वर झाला. दुकान नाही, डबी नाही, ओरखडा नाही. आकाशातून गेम मशीनमध्ये उतरतो, हे ऐकून मी तर त्याला भूतच समजले. पण रागावून काय होणार? भूषणला पुण्याला नोकरी लागली होती. तो तिकडे दुसऱ्या मशीनवर, रुची इकडे. माझ्यासारखी एकुलती एक डिस्क दोन गावांत कशी पुरणार? ऑनलाइन घेतलेल्या गेममुळे ती दोघं शेकडो मैलांवरून एका नावेत बसत होती. रुची कानाला हेडफोन लावून "दादा, आता!" म्हणाली, की तिच्या चेहऱ्यावर तोच जुना आनंद असायचा. ते काम माझ्याने झालं नसतं. हे मी मोकळ्या मनाने कबूल करते. मनातून जळत होते, ती गोष्ट वेगळी.

भूषण पुण्याला गेला त्याच वर्षी गणपतीत माझी डबी बदलली. आमच्या घरी आरतीची सीडी गेमच्या मशीनवरच वाजायची, कारण सीडी घेणारं दुसरं काही घरात उरलंच नव्हतं. भूषण सणाला घरी आला होता, म्हणून दोघांनी मलाच लावलं होतं. आरतीची वेळ झाली आणि मी आत फिरत होते. आजोबा ओरडले, "काढा ते आधी!" रुचीने घाईघाईने मला काढून आरतीच्या डबीत ठेवलं. आरती संपल्यावर शैलजाताईंनी आरतीची सीडी काढली, समोर माझी डबी उघडी पडली होती, तीत घातली. दोन्ही डब्या बंद झाल्या. एक गेली कपाटात, दुसरी देवघरात, पोथीशेजारी. अशी मी देवघरात आले.

मग कुणी डबी उघडलीच नाही. पुढच्या वर्षापासून आरतीही फोनवर वाजायला लागली. मी तिथेच बसून रोज उदबत्तीचा वास घेत राहिले. आजोबा सकाळी सगळ्या देवांना हळदीकुंकू लावताना एक बोट माझ्या डबीलाही लावायचे. एवढा मान फुकटात मिळाला, तर नाही कशाला म्हणायचं?

आता यंदाची गोष्ट ऐका.

रुचीला जर्मनीत शिकायला जागा मिळाली. अनंत चतुर्दशी झाली की लगेच विमान. भूषण गणपतीसाठी पुण्याहून आला तो नवं, सडपातळ मशीन घेऊनच. रुचीने त्याच्या हातातली बॅगही खाली ठेवू दिली नाही. "दादा, जायच्या आधी धबधबा पार करायचा. एवढं एकच मागते. नंतर कधी एकत्र बसू, काय माहीत यार."

"करू की! लाव चल," भूषण म्हणाला. त्याने यादी उघडली. वर गेला, खाली आला. गेम नाहीच! गेम विकणाऱ्या कंपनीने ते जुनं ऑनलाइन दुकानच बंद केलं होतं. घेतलेले गेमही सोबत गेले, जुन्या मशीनवरचेसुद्धा.

"पण तू तर विकत घेतला होतास ना?" रुचीला कळेना.

"घेतला होता गं. पण ते म्हणतात, आम्ही तुम्हाला फक्त खेळायची परवानगी दिली होती."

"हे काय यार! जाऊ दे. डिस्क आहे ना आपली." रुचीने कपाट उघडलं. कपाट रिकामं.

मनीषराव पुढे आले. आमचं इंदूर म्हणजे स्वच्छतेच्या बाबतीत देशात नाव कमावलेलं गाव, आणि मनीषराव त्या गावाचे पक्के नागरिक. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. कचऱ्याच्या गाडीचं गाणं कानावर आलं, की हे डबे घेऊन जिन्यात हजर! ते म्हणाले, "त्या गेमच्या डब्या? त्या तर दिवाळीच्या सफाईत गेल्या. भूषण, मी तुला फोनवर विचारलं होतं. तूच तर बोललास, आता सगळं ऑनलाइन आहे, देऊन टाका."

भूषणचा चेहरा पडला. "मी दुसरी मागवतो, सेकंड हँड मिळेल," तो म्हणाला. त्याने शोधलं. मिळत होती, पण येणार होती रुची गेल्यावर.

रुची सरळ खोलीत जाऊन बॅग भरायला लागली. तीच गोष्ट वाईट. भांडली असती तर बरं झालं असतं. आणि मी? मी दहा पावलांवर देवघरात बसून सगळं ऐकत होते! मला तोंड असतं तर किंचाळले असते. माझी डबी गेली, मी नाही गेले गं बाई! गाडीत गेली ती आजोबांची आरती. मी इथे आहे, तुमच्या नाकासमोर. पण डिस्क मशीनमध्ये गेल्याशिवाय घरच्यांशी बोलू शकत नाही. एवढी असहाय मी कधीच नव्हते.

संध्याकाळी आरतीला सगळे उभे राहिले. भूषण एका टोकाला, रुची दुसऱ्या टोकाला. आजोबांच्या हातात झांज. शैलजाताईंनी फोनवर आरती लावली. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याच्या मध्येच आरती थांबली आणि एक माणूस मोठ्या आवाजात बनियनची जाहिरात करू लागला.

आजोबांची झांज थांबली. "हे काय लावलंय? बाप्पासमोर बनियन?"

"जाहिरात आहे बाबा, आता जाईल," मनीषराव म्हणाले.

"ती जाईल, नाहीतर मी जाईन. बंद कर तो फोन. माझी सीडी काय मेली आहे का?" आणि आजोबांनी देवघरात हात घालून माझी डबी उचलली!

जुनं मशीन टीव्हीखाली होतंच. आजोबा त्यावर अधूनमधून नाट्यगीतं ऐकायचे, म्हणून ते टिकलं होतं. त्यांनी चष्मा घातलेला नव्हता. मला आत सारलं, बटण दाबलं आणि पुन्हा झांज घेऊन डोळे मिटून उभे राहिले.

मी फिरले, मित्रांनो. इतक्या वर्षांनी फिरले. आधी घरघर झाली, मग एक ढोल वाजला आणि टीव्हीवर माझी निळी नदी वाहायला लागली. बाप्पासमोर नाव डुलत होती, दोन नावाडी हात हलवत होते.

आजोबा डोळे मिटूनच म्हणाले, "ही कुठली आरती?"

"दादा!" रुची एवढ्या जोरात ओरडली की हातातलं निरांजन हललं. "दादा, नाव!" आणि ती हसता हसता रडायलाच लागली. भूषणने तिच्या डोक्यावर टपली मारली. त्याचेही डोळे भरले होते. मलाही भरून आलं, पण ओली होऊन चालणार नव्हतं.

आरती शेवटी सगळ्यांनी तोंडानेच पूर्ण केली. प्रसाद वाटून झाला आणि दोघं टीव्हीसमोर मांडी घालून बसली. जुन्या मशीनमध्ये त्यांचा खेळ जिथे थांबला होता, तिथेच होता. धबधब्याच्या तोंडाशी.

नाव उलटली. पुन्हा उलटली. गंमत अशी, की आता चूक भूषणची नव्हती. पुण्याहून खेळताना रुचीचा आवाज त्याला जरा उशिरा पोहोचायचा. म्हणून तिला थोडं आधीच "आता!" म्हणायची सवय लागली होती. आता तो शेजारी बसला होता, तरी ती आधीच ओरडत होती. "अगं, मी इथेच आहे," भूषण म्हणाला, "मला लगेच ऐकू येतं!"

"मला माहितीये रे! पण तोंडातून निघूनच जातं!"

आजोबांना राहवेना. त्यांनी झांज उचलली. "दोघंही तोंड बंद करा. मी वाजवतो, त्यावर मारा." आणि ते आरतीच्या ठेक्यात झांज वाजवू लागले. झण, झण, झण. शैलजाताईंनी टाळ्या धरल्या. मनीषरावांनी पायाने ताल धरला. नाव निघाली. धबधबा आला. माझ्या अंगावरचा तो पोह्यांच्या वेळचा ओरखडा नेमका तिथेच आहे. चित्र क्षणभर अडकलं, सगळ्यांचा श्वास अडकला. मी जीव खाऊन फिरले. आणि नाव पलीकडे शांत पाण्यात अलगद उतरली!

रुचीने भूषणला मिठी मारली ती कितीतरी वेळ सोडलीच नाही. "आता जा खुशाल," तो म्हणाला. आजोबा मात्र टीव्हीकडेच बघत होते. "बस? एवढंच? माझी तर झांज आत्ता कुठे गरम झाली होती."

जाताना रुचीने मला स्वतः आरतीच्या डबीत ठेवलं आणि वडिलांना बजावलं, "बाबा, सफाईत देवघराला हात लावायचा नाही हं." मनीषरावांनी कान पकडले.

मित्रांनो, खरं तर माझ्यासारख्या म्हाताऱ्या डिस्कने तुम्हाला सांगायला हवं, की प्रत्येक वस्तू आपापल्या डबीत ठेवा. पण मी कोणत्या तोंडाने सांगू? मी माझ्या डबीत असते, तर आज कचऱ्यात असते! म्हणून इतकंच सांगते. ऑनलाइन घ्या, खुशाल घ्या. सोय आहे, स्वस्त आहे, दूरच्या माणसाला जवळ आणते. पण ज्या गेममध्ये तुमचं कुणी माणूस बसलेलं आहे, तो हाताला लागेल असाही एक ठेवा. आणि डिस्क पुसायची ती मऊ कापडाने, मधून कडेकडे. गोल गोल घासू नका, फार दुखतं.

मी सुखात आहे. रविवारी दुपारी आजोबा मला बाहेर काढतात. उजवं वल्हं त्यांचं, डावं मनीषरावांचं. ऑनलाइन काही सगळंच वाईट नसतं बरं का. फोन टीव्हीशेजारी टेकवलेला असतो आणि त्यात जर्मनीहून रुची ओरडत असते, "आजोबा, आता!" तिचा आवाज जरा उशिरा येतो, म्हणून नाव दर रविवारी उलटते. उलटू दे. मी पुन्हा फिरते.