पाचव्या रूपाची चाल

परदेशी वाढणाऱ्या नातवाला फक्त पोलिश येत होतं, म्हणून आजी त्या व्याकरणाशी झटापट करत होती. एका मांजराची सात रूपं, आणि त्याच्यापुढचं ‘लहान’सुद्धा दर वेळी शेपूट बदलणार. वैतागून तिनं सगळं भजनासारखं चालीवर बसवलं: कोत, कोता, कोतू, कोता, कोतेम.

रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवानं त्याच्या भाषेत विचारलं, “आजी, तू कुणाशी खेळतेस?”

उत्तर होतं, लहान मांजराशी. पण त्या उत्तराला हवं पाचवं रूप, आणि चाल काही मधूनच उचलता येईना. आजी पहिल्यापासून गुणगुणू लागली. तिसऱ्या रूपाला नातवानं जांभई दिली, चौथ्याला तो उठून गेला.

“आई, चुकीचं बोल, पण पटकन बोल ना,” मुलगा म्हणाला.

“देवापुढं कधी चुकीचं गायले नाही, आणि नातवापुढं बोलू?”

“अगं, पण तो गेलासुद्धा.”

आजीनं कपाळाला हात लावला. “या मांजरानं जीव खाल्ला माझा. बोलव त्याला. हसला तर हसू दे.”

नातू आला. तिनं चुकीचंच सांगितलं. तो खदखदून हसला आणि तिला बरोबर रूप शिकवत बसला.

“घ्या, आता हाही मास्तर झाला,” आजी करवादली आणि त्याच्यामागून म्हणू लागली.