हरणं जास्त की कमी

दर्यापूर तालुक्यातल्या त्या गावात केशवरावांना फारसं कुणी नावानं ओळखत नसे. ते 'बंदूकवाले'. बापाच्या वेळची ठासणीची बंदूक, पीक राखण्यासाठी मिळालेला तिचा परवाना आणि नाल्याकाठी हरभऱ्याचं वावर, एवढ्यावर त्यांचा सगळा रुबाब चालत आला होता. तरुणपणी त्यांनी हरणं मारली होती. पण कैक वर्षांत त्यांनी घोडा ओढलेला नव्हता. पहाटे खांद्यावर बंदूक टाकून 'हरनं हाकलून येतो' म्हणत निघायचे आणि धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर बसून काळवीट आपला हरभरा कसा खातो ते पाहत राहायचे. बायकोला, माणिकबाईला, हे ठाऊक होतं. बोलून उपयोग नाही हेही ठाऊक होतं.

यंदा परवान्याची मुदत सरत आली. नवा करायला 'वावरात जनावरांचा त्रास आहे' असा वनखात्याचा दाखला हवा होता. आणि नेमकी तेव्हाच वनपाल रागिणी मॅडमनी ग्रामपंचायतीत सभा लावली.

"हरणांच्या तक्रारी दरवर्षी वाढताहेत, आणि हरणं दरवर्षी कमी होताहेत. हे कसं काय?" मॅडमनी विचारलं.

 मग सूर्यभान उठला. हा म्हातारा फासेपारधी. त्याच्या घराण्यात फासे लावून हरणं धरत. आता तो मजुरीला जातो.

"मोकाट कुत्रे पाडसं खाऊन राहले," तो म्हणाला. "आमी गाभण मादी फाशात आली तर सोडून देत होतो. कुत्रं सोडते का?"

"तू मोठा सोडनारा!" केशवराव उसळले. "हरनाले धाक पायजे. धाक गेला म्हनून ते रस्त्यावर आले आन गाड्यायखाली मेले. सालाचे चार नर मारू दिले असते तं बाकीचे शहाने राहले असते."

"नर मारून कळप वाढते होय?"

"मंग माद्या सोडून देऊन तुमचा कळप काहून नाही वाढला?"

दोघं एकदमच खाली बसले. 

मॅडमनी खात्याचा बेत सांगितला. जिथे कळप उरलाय तिथून तो पकडून अभयारण्यात न्यायचा. जिथे नाही, तिथे त्रास नाही असं लिहून मोकळं व्हायचं. "काका, तुमच्या वावरात आहेत का हरणं?"

केशवरावांची बोबडी वळली. आहेत म्हणावं तर हरणं जाणार, नाहीत म्हणावं तर बंदूक जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"हायेत," ते म्हणाले. "म्हंजे... तशे नाहीत."

सभा खो खो हसली. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "सकाळी येऊनच बघते."

बाहेर सूर्यभाननं केशवरावांना गाठलं. "केशवराव, पकडताना हरीन भेवानंच मरते. माह्या हातात मेलेत." मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, आता तसं होत नाही, कापडाचे आडोसे लावून, हात न लावता गाडीत चढवतात. इथे राहिली तर कुत्री संपवतील. केशवरावांना दोघांचंही पटलं, आणि मग काहीच सुचेना.

सकाळी मॅडम, केशवराव आणि सूर्यभान तिघं धुऱ्यावर बसले. मॅडम येणार म्हणून केशवरावांनी बंदूक पुसून, छर्रे न घालता नुसती दारू ठासून आणली होती. हरणं यावीत असं त्यांना वाटत होतं. येऊ नयेत असंही तितकंच वाटत होतं. देवाला नेमकं काय मागावं ते कळेना, म्हणून त्यांनी नुसतेच हात जोडले.

कळप आला. पुढे काळवीट, मागे माद्या, एक पाडस. सगळी हरभऱ्याचे घाटे खायला लागली.

"किती सुंदर!" मॅडमनी फोन वर धरला. "पुढच्या आठवड्यात पथक आणते."

आणि बार उडाला. केशवरावांनीच आभाळाकडे नळी करून उडवला होता. हरणं उड्या टाकत नाल्यापलीकडे गेली. पलीकडे अकोला जिल्हा लागतो, तिथे मॅडमचा अधिकार चालत नाही.

"काका! हे काय केलंत?"

"हरभरा खाऊन राहले होते," केशवराव म्हणाले. 

मॅडम चिडल्या, पण बाई प्रामाणिक. त्रास डोळ्यांनी पाहिला होता, बारही हवेत होता. त्यांनी दाखला दिला. परवाना नवा होऊन आला. कळप काही आला नाही.

यंदा हरभरा कधी नव्हे इतका भरला. माणिकबाईनं ओल्या हरभऱ्याच्या सोल्याची भाजी केली, तर केशवरावांनी ती ताटात बाजूला सारली.

"तुमी हरनं वाचवले का हाकलले?" तिनं विचारलं.

"मलेच समजून नाही राहलं," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

तेवढ्यात सूर्यभान आला. "हरनं पल्याड हायेत. तिकडच्या लोकायनं अर्ज केला. उद्या पथक येऊन राहलं. मले वाट दावाले बलावलं."

"आन तू जातं?"

"मी नाही गेलो तं ज्याले हरीन समजत नाही तो जाईन." त्यानं डोकं खाजवलं. "आनखी एक बार काढा ना, केशवराव."

"परवाना माह्या वावरापुरताच हाये बापा."

तरी ते नाल्यापर्यंत गेले. बंदूक घरीच ठेवली होती. पलीकडच्या पडीक रानात कळप चरत होता. पाडस आईच्या पोटाशी होतं. आता हरणांना परत बोलवायचं होतं, अगदी आजच. पण हाकलायच्या सगळ्या आरोळ्या येणाऱ्या त्या माणसाला हरणाला बोलवायची हाक कुणी शिकवलीच नव्हती.  शेवटी गाईला घालतात तशी त्यांनी साद घातली, "ये, माय, ये."

काळविटानं मान वर केली, बार काढणाऱ्या या ओळखीच्या माणसाकडे पाहिलं, आणि सगळा कळप घेऊन आणखी लांब पळत सुटला.