राइलीचा आवाज बसवताना

“हाही मेला,” आर्मास म्हणाला आणि त्याने नवाकोरा कीबोर्ड माझ्या टेबलावर ठेवला.

फिनलंडमधल्या आमच्या वार्काउस गावच्या वाचनालयात शनिवारी सकाळी मी म्हाताऱ्या माणसांचे कॉम्प्युटर बघते. जुन्या मशीनवर विंडोज चालेनासं झालं की ते फेकू द्यायचं नाही, त्यावर लिनक्स टाकून द्यायचं, हा आमचा फुकटचा उद्योग. आर्मासच्या मशीनवरही मीच टाकलं होतं.

“नेमकं होतं काय?”

“पासवर्ड मागतो. मी टाइप करतो. काही उमटतच नाही. अक्षर सोड, साधा ठिपकासुद्धा नाही.”

“तिथे उमटत नसतंच. दिसत नाही, पण आत जातं. टाइप करायचं आणि एंटर दाबायचं.”

“हा काय वेडेपणा?”

“आहे खरा. पण आर्मास, आपल्या घरांमध्ये एक कुंपण आहे फक्त. दार वाजवलं असतंस तर कीबोर्डांचे पैसे वाचले असते.”

“तुझी जेवायची वेळ होती,” तो म्हणाला.

आमच्याकडची माणसं अशीच. बर्फ फुटून तळ्यात पडली, तरी हाक मारण्याआधी विचार करतील, समोरच्याची कॉफी चालू असेल का. त्याआधीच्या आठवड्यात आर्मासने विंडोजची फाइल उतरवून घेतली होती आणि ती लिनक्सवर उघडेना म्हणून दिवसभर तिच्यावर टिचक्या मारत बसला होता. तेव्हाही मला त्याने वाचनालयात आल्यावरच सांगितलं. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. हिवाळ्यात रस्ता दिसत नसतानाही पोरं वेळेवर पोचवणारा. त्याला एवढं जमत नाही याचं मला नवल वाटत होतं, आणि थोडा रागही येत होता. कारण सोमवार जवळ आला होता.

सोमवारी राइलीच्या श्वासाच्या मशीनचं ठरवायला डॉक्टर येणार होते. राइली त्याची बायको. बिंगोच्या हॉलमध्ये आकडे पुकारायची ती. गावातल्या अर्ध्या बायका खेळापेक्षा तिचे टोमणे ऐकायला जायच्या. मग तो नसा मारत जाणारा आजार आला. आधी जीभ गेली, मग हातपाय. आता उजव्या हाताचं एक बोट उरलं होतं. त्या बोटाने ती अक्षरं दाबायची आणि कॉम्प्युटर ती वाचून दाखवायचा. पण तो आवाज मशीनबरोबर येणारा, कुण्या पुरुषाचा, घशात पत्रा अडकल्यासारखा. त्या आवाजात तिने सांगून टाकलं होतं की श्वासाचं मशीन नको.

“तो डब्यातला माणूस बोलतोय,” आर्मास म्हणायचा. “राइली असं बोलत नाही.” आणि मशीन आणायचं, असं डॉक्टरांना फोनवर सांगून मोकळा झाला होता.

जीभ चालत होती तोवर इस्पितळातल्या बाईंनी राइलीकडून पुष्कळ वाक्यं वाचून घेतली होती आणि त्यांतून तिचा आवाज तयार करून दिला होता. तो फक्त बसवायचा राहिला होता. मी बसवते म्हटलं, तर आर्मास ऐकेना. “बायको माझी आहे. मी बसवतो. तू कागदावर लिहून दे.”

त्या शनिवारी वाचनालय बंद केलं आणि मी न विचारताच त्याच्या घरी गेले. स्वयंपाकघरात कॉफी ठेवलेली होती. राइली खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती. तिच्यापुढच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, कीबोर्ड मात्र दूर, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवलेला. पडद्यावर ओळी येऊन थांबल्या होत्या. सगळ्यात खाली प्रश्न होता: पुढे जायचं का? के की ए? ‘के’ म्हणजे हो, ‘ए’ म्हणजे नाही. आमच्या फिनिश भाषेतल्या हो-नाहीची पहिली अक्षरं.

“अरे, पोचलास की तू इथपर्यंत,” मी म्हटलं. “आता के दाबायचं फक्त.”

“माहीत आहे.”

“मग थांबलायस कशाला?”

“कॉफी घे.”

मी राइलीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला माझीच लाज वाटली.

“पासवर्डचं तुला आधीच कळलं होतं,” मी म्हटलं.

“पहिला कीबोर्ड आणला त्याच दिवशी. इंटरनेटवर लिहिलेलं असतं सगळं.” तो आमच्याकडे पाठ करून कपबशा मांडत राहिला. “तिचा आवाज बसवला की ती पहिलं काय बोलणार, मला ठाऊक आहे, पिर्को. डब्यातल्या माणसाला मी नाही म्हणू शकतो. तिला कसं म्हणू? कधी जमलंय मला?”

राइलीला ऐकू सगळं येत होतं. तिचं बोट टेबलावर खरवडायला लागलं. आर्मासने मान वळवली नाही. बोट थांबेना. मला उठून कीबोर्ड द्यावासा वाटत होता, पण ते काम माझं नव्हतं, म्हणून बसून राहिले. फार वाईट होतं ते बसून राहणं.

शेवटी आर्मासने हात पुसले. कीबोर्ड आणून त्याने तिच्या हाताखाली ठेवला, जरा डावीकडे सरकवला आणि तिचं बोट अलगद उचलून ‘के’वर टेकवलं. तिने दाबलं. पडद्यावर ‘के’ उमटलं.

पुढे काही हललं नाही. एंटर दाबायचं राहिलं होतं, आणि ते लांब होतं. तिचं बोट तिथवर जाईना. तिने दोनदा प्रयत्न केला. मग हात तसाच ठेवून ती आर्मासकडे बघत राहिली.

आर्मासने एंटर दाबलं.

ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. आवाजांच्या यादीत तिचं नाव आलं होतं. ते कसं निवडायचं हे सांगायची मला गरज पडली नाही; त्याचं त्यानेच निवडलं.

राइली टाइप करू लागली; आर्मास कीबोर्ड तिच्या बोटाखाली हवा तसा सरकवत राहिला. एकेका अक्षराला किती वेळ लागतो, ते तिथे बसल्याशिवाय कळायचं नाही. कॉफी निवून गेली.

“आर्मास,” राइली म्हणाली. तिच्याच आवाजात, थोडा घोगरा, बिंगोच्या हॉलमध्ये मागच्या बाकापर्यंत जाणारा. “मला मशीन नको. तू दमलायस. मीही.”

आर्मास तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला. मी कोट उचलला आणि दाराशी गेले.

“बरं,” तो म्हणाला. “सोमवारी सांगतो त्यांना तसं.”

मग त्याने हात पुढे करून स्पीकरचा आवाज वाढवला.

“परत एकदा म्हण,” तो म्हणाला.