औषध पोटात राहावं म्हणून

माझी लेक चिमी सहा महिन्यांची झाली आणि माझ्या शौचातून रक्त पडायला लागलं. दिवसातून आठ-दहा वेळा टमरेल घेऊन ओढ्याकडं जाणारी सून किती दिवस लपणार? एक दिवस आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मनकर्णाबाई, माझ्या मागोमाग आल्या. लांब उभ्या राहिल्या, आणि घरी परतताना एवढंच म्हणाल्या, "उद्या नगरला जायाचं. चिमीलाबी घ्यायचं. तुझ्याबिगर ती ऱ्हात न्हाई."

ही १९७१ सालच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. मिरजगावहून सकाळची एस.टी. धरून आम्ही नगरला गेलो. डॉक्टरांनी नळीची दुर्बीण घालून आतून तपासलं आणि मग माझ्या मालकांना, गोरक्षनाथांना, एकट्याला आत बोलावलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. असली बोलणी पुरुषांशीच व्हायची. त्यात आम्हाला काही वावगंही वाटलं नाही.

हे बाहेर आले ते कान लाल करून. पिशवीत काचेची मोठी पिचकारी, रबरी नळी आणि औषधाच्या बाटल्या.

"आतड्याला सूज हाय. रोज दिवेलागणीला हिला एनिमा द्यायचा. डाव्या कुशीवर," ते चपलांकडं बघत म्हणाले.

"आन?" आत्याबाईंनी विचारलं.

"आन काय. तेवढंच."

एनिमा आत्याबाईंना ठाऊक होता. चिमीच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सबाईनं मला साबणपाण्याचा दिला होता, तेव्हा त्या माझ्या उशाशीच होत्या. घरात दुसरं करणार कोण? पहिल्या दिवशी मी तोंडावर पदर घेऊन रडले. सासूनं सुनेचं असलं काही करायचं म्हणजे जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"चिमीचं धुताना तुला लाज वाटती का?" आत्याबाई म्हणाल्या. "मग गप पड. पाय पोटाशी घे."

औषध आत गेलं की लगेच त्या मला हात धरून उठवायच्या. परसात आडोशाला घमेलं ठेवलेलं असायचं. "निघालं समदं? बरं झालं. पोट धुऊन निघालं." त्या समाधानानं पिचकारी उकळायला ठेवायच्या.

असे दहा दिवस गेले. रक्त तसंच. चिमीला कडेवर घेऊन चार पावलं चालले तरी डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आम्हाला तिघांनाही आत घेतलं, पण बोलले ते यांच्याशीच. औषध लागू पडत नाही म्हणाले. पुण्याला नेऊन ऑपरेशनचा विचार करावा लागेल. आतडं काढलं तर पोटाला भोक ठेवून तिथं पिशवी लावावी लागते, महिना दीड महिना तरी तिथंच राहावं लागेल. चिमी माझ्या मांडीवर झोपली होती. तिला आणखी जवळ ओढून घेतलं, इतकंच मला आठवतं.

हे मान डोलवत होते. आत्याबाई दाराशी उभ्या होत्या, त्या पुढं आल्या.

"डाक्टर, एक इचारू का? औषध आत ऱ्हातच न्हाई, तर लागू पडावं कसं?"

डॉक्टरांनी वर बघितलं. "राहत नाही म्हणजे?"

"दिलं की मी उठवती तिला. घमेल्यावर. समदं भायेर येतं."

"लगेच?"

"लगेच. दहा दिवस झालं. पोट धुवायचंच औषध समजले मी. पर परवा बैलाच्या खांद्याला मलम लावताना मनात आलं, हे म्या लावून लगीच पुसलं तर जखम भरंल का?"

डॉक्टर यांच्याकडं बघत राहिले. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, औषध आत राहायला पाहिजे म्हणून?"

हे पुन्हा चपलांकडं बघायला लागले. आईपुढं, बायकोपुढं तसलं सगळं कसं सांगायचं, म्हणून त्यांनी निम्मं सांगितलं होतं, निम्मं गिळलं होतं. मला त्यांचा राग यायच्या आत आत्याबाईच म्हणाल्या, "त्याला काय बोलू नका. हात माझं हुतं. हिथून फुडं मला सांगा, मी इसरायची न्हाई."

त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. औषधाचा गुण नाही, एवढंच ठरलं असतं, आणि मी पुण्याला गेले असते.

डॉक्टरांनी खुर्ची वळवली आणि ते पहिल्यांदा आत्याबाईंशी बोलले. आधी शौचाला जाऊन यायचं. औषध कोमट, अंगाच्या उबेइतकं. नळीला व्हॅसलीन लावायचं, जोर करायचा नाही, पिचकारी सावकाश दाबायची. मग अर्धा तास तरी पडून राहायचं, रात्रभर राहिलं तर उत्तम. ताप आला, पोट फुगलं, दुखणं वाढलं, रक्त वाढलं, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. या औषधावर असताना साथीचा रोग लवकर लागतो, म्हणून कांजिण्या-गोवर असलेल्या घरात हिनं जायचं नाही. आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं औषध बंद करायचं नाही. आत्याबाईंनी एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली. दोनदा चुकल्या, दोनदा विचारलं.

"तीन आठवडे बघू. मग पुण्याचं," डॉक्टर म्हणाले.

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. पण एक सूप ज्वारी निवडायला किती वेळ लागतो हे आत्याबाईंना पक्कं माहीत. अर्ध्या तासाला तीन सुपं. मनगटावर थेंब टाकून त्या औषधाची ऊब बघायच्या, इतक्या हळू पिचकारी दाबायच्या की मला कळायचंसुद्धा नाही. मग माझ्या पाठीशी बसून खडे वेचायच्या. पहिल्या दिवशी अर्ध्या सुपातच मी उठले. त्या रागावल्या नाहीत. "उद्या पाऊन सूप," म्हणाल्या.

एकदा शेजारच्या छबूबाई दारात आल्या. "आगं बया, सून निजली आन सासू निवडतीय?"

"व्हय. तू आलीस तर बस, दुसरं सूप हाय."

छबूबाईंना घरी काम आठवलं. मला हसू आलं तशा आत्याबाई दटावून म्हणाल्या, "हसू नगं. सांडंल."

आठव्या दिवशी तीन सुपं झाली. पुढं मी तशीच झोपून जायला लागले. दुसऱ्या आठवड्यात रक्त कमी झालं, तिसऱ्यात थांबलं. मी म्हटलं, आत्याबाई, आता पुरे की.

"डाक्टर म्हनंल तवा."

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी दुर्बीण घातली, बराच वेळ बघितलं. "भरत आलंय," ते म्हणाले. "पुण्याला जायची गरज नाही."

हे भिंतीला टेकले. आत्याबाई मात्र दोन पावलं पुढं सरकल्या. "तोंड वाईच सुजल्यावानी वाटतंय हिचं. औषधानं का?"

"नीट बघितलंत," डॉक्टर म्हणाले. "औषधानं होतं तसं. आता कमी करू. पण एकदम नाही. दोन आठवडे एक दिवसाआड, मग मला दाखवा."

"एक दिवसाआड. दोन आठवडे. मंग दाखवायचं," त्या म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त चिमी माझ्या मांडीवर खिदळत होती. लांब डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसेनासा व्हायच्या आतच आत्याबाईंची मान माझ्या खांद्यावर कलली. त्यांना दिवसा झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मिरजगाव येईपर्यंत मी खांदा हलू दिला नाही.