उताऱ्यात दिल्याप्रमाणे

सोमवारी चौतीस, मंगळवारी बावीस, बुधवारी छत्तीस, गुरुवारी एकोणीस. सराव पेपरात, चाळीसपैकी. पास व्हायला तीस हवेत, आणि परीक्षा पुढच्या शनिवारी.

"बाबा, तुमच्या मार्कांना ब्रेक बसवा," लेक म्हणाली. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात असले विनोद फुकट मिळतात. मला हसू आलं नाही.

माझा उजवा गुडघा गेलाय. लिफ्ट ज्या उभ्या बोळातून वरखाली होते, त्या शाफ्टमध्ये शिडीनं उतरावं लागतं, आणि डॉक्टरीणबाईंनी शिडी कायमची बंद करून टाकली. लिफ्ट तपासणीच्या खात्यात तपासनिसाची एक जागा निघाली होती. टेबलाशी बसून अहवाल वाचायचे, सही ठोकायची. पण तपासनिसाला लिहिलेलं कळतं का, हे आधी बघतात. चार उतारे, चाळीस प्रश्न, एक तास. दोनदा आपटलो होतो. तिसरी संधी शेवटची. ती गेली की मी घरी, आणि घरी बसलेला मी कुणालाच परवडणार नाही, मला तर नाहीच.

पण घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. खुर्ची बदलली, पेन बदललं. चहा आधी पिऊन पाहिला, नंतर पिऊन पाहिला. छत्तीस पडले त्या दिवशी निळा शर्ट होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तोच चढवला तर एकोणीस. मग शेजारच्यांच्या ड्रिलवर खापर फोडलं. कामावर लिफ्टच्या मोटारीला तेल देतानाही डोक्यात आकडेच. सरासरी काढली, पावणेअठ्ठावीस. पुन्हा काढली. तेवढीच आली.

"मार्कांचं राहू द्या, निदान तो शर्ट तरी धुवायला टाका," बायको म्हणाली.

शुक्रवारी लेकीनं सगळे पेपर जमिनीवर पसरले. मी येरझाऱ्या घालत होतो.

"बसा बघू. चौतीस कशावर पडले? पाणपक्षी. छत्तीस? हिमनद्या. आता बावीस बघा, जुन्या गिरणीतली यंत्रं. एकोणीस, उंच इमारती. जे तुम्हाला ठाऊक नाही त्यात तुम्ही हुशार. जे ठाऊक आहे त्यात धडाधड चुकता."

"कारण ते लिहिणाऱ्यालाच अक्कल नाही! दोर दहा वर्षं टिकतो म्हणे. कुणी सांगितलं?"

"हेच तुम्ही समासात लिहिलंय. 'कुणी सांगितलं?' इथं 'साफ चूक'. इथं 'याला शाफ्टमध्ये उतरवा'." ती हसायला लागली. "बाबा, प्रश्न काय विचारलाय? 'उताऱ्यात दिल्याप्रमाणे.' तुम्ही वाचतच नाही. तुम्ही तपासता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त झाला.

मग आठवडाभर तोंडावर बोट ठेवून वाचलं. कागद म्हणेल ते खरं. दोर दहा वर्षं टिकतो? टिकतो बाबा. एकोणतीस आले, बत्तीस, पुन्हा अठ्ठावीस, मग तेहतीस. जीव टांगणीलाच होता, पण झोके जरा लहान झाले.

"समोरचा म्हणतो ते निमूट ऐकून घ्यायचं, हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी शिकलात," बायको म्हणाली. "तेही परीक्षेसाठी."

शनिवारी पहिले तीन उतारे बरे गेले. चौथ्याचं पान उलटलं. लिफ्टचा अपघात. एक कामगार शाफ्टमध्ये असताना वरून लिफ्ट सुरू झाली आणि त्याचा हात चिरडला. प्रश्न अडतीस: उताऱ्यात दिल्याप्रमाणे अपघाताचं कारण काय? पर्याय क: कामगाराचा निष्काळजीपणा.

माझ्या वस्तादांची तीन बोटं अशीच गेली. पाना कसा धरायचा इथपासून सगळं मला त्यांनी शिकवलं. त्या दिवशी मी वर उभा होतो. वरून कुणी लिफ्ट सुरू करू नये म्हणून शिडीखालच्या मेन स्विचला लावायचं कुलूप नव्हतं, कारण इमारतीच्या मालकाला लिफ्ट तासभरही बंद नको होती आणि त्यानं ते काढून घेतलं होतं. ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. कंपनीनं मात्र निष्काळजीपणाच लिहिला.

सात मिनिटं उरली होती. प्रश्न सोडून द्यावा? पण माझ्या मार्कांचा काय भरवसा! एका मार्कानं बुडालो तर? पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. क वर खूण केली. मला माझीच लाज वाटली.

तासाभरात बाहेर पडद्यावर निकाल लागला. एकतीस. म्हणजे ती खूण केली नसती तरी मी पास होतो.

घरी न जाता थेट वस्तादांकडे गेलो. ते खिडकीशी बसून उजव्या हातानं रेडिओ उघडत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी स्क्रू बशीत ठेवला.

"क वर केलीस ना?"

"हो."

"मीही तिथंच केली होती. कंपनीच्या कागदावर. कारण, माझा निष्काळजीपणा. खाली सही."

मी समोर बसलो. "तुम्ही? का?"

"नोकरी राहिली असती का नाहीतर? डाव्या हाताला पट्टी होती. सही उजव्या हातानं करतात."

"पण तपासनीस आला होता ना?"

"आला होता की. वरच त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यानं माझा कागद वाचला, सही केली. अगदी बरोबर वाचला. तू वाचलास तसाच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सहन होईना. "खाली उतरला असता तर कुलपाची रिकामी कडी दिसली असती त्याला."

रेडिओ तसाच पोट उघडून पडला होता. मी गुडघा चोळत राहिलो.

"त्या शाफ्टच्या शिडीला किती पायऱ्या होत्या, वस्ताद?"

"अठरा."

"अठरा मला जमतील," मी म्हणालो.