ए मायनर का आवडतो

गिटारवाल्याला त्याचा आवडता कॉर्ड विचारू नये, तो खरं सांगत नाही. नवशिका म्हणतो ई मायनर, कारण तारांवर दोनच बोटं ठेवली की सगळे सूर एकदम जुळून वाजतात. थोडा शिकलेला असं काही अवघड नाव सांगतो, जे त्याला स्वतःला धड लावता येत नाही. मी एके काळी एफ सांगत असे आणि ते खरं होतं. एफला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं, पट्टीसारखं दाबावं लागतं. निम्मे लोक तिथेच गिटार सोडून बुलबुल तरंग घेतात. मला तो यायला दहा महिने लागले होते. आमच्या फ्रीगंज वस्तीत मला ‘एफवाला प्रभाकर’ म्हणत, आणि मला ते फार आवडे, उगाच नम्रपणा कशाला दाखवू.

मग ब्याण्णव साली ऑफिसात लोखंडी कपाटाचं दार याच पहिल्या बोटावर बसलं. हाड जुळलं, पण वाकडं. बोटाच्या टोकाने एक तार दाबता येई, आडवं बोट मात्र दाबलं जाईना. मी हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत असे, वय झालं की साधं आवडायला लागतं, आता मला ए मायनर आवडतो. खिशात एक क्लिप ठेवायला लागलो. ती गिटारच्या मानेवर चढवली की सगळ्या तारा एकदम दाबल्या जातात आणि आडव्या बोटाचं काम ती करते. गाण्यात जिथे एफ लागे तिथे डी मायनर मारून वेळ निभावून नेई. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी माझी मूठ दोन वर्षं झाकलेली होती.

चौऱ्याण्णवच्या गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम महाराष्ट्र समाजात होता. ऑर्केस्ट्रा गोपाळकृष्णचा. टावर चौकातल्या एका दुकानावरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चाले आणि तिथे त्याचा शब्द शेवटचा. घरोघरी केबल आल्यापासून लोकांना ऑर्केस्ट्रा नकोसा झाला होता. अशात इंदूरच्या एका नव्या हॉटेलाने आम्हाला दर शनिवारी बोलावलं. अट एकच, माणसं पाचच हवीत. दोन गाणारे, एक ढोलकवाला, निवेदनाला स्वतः गोपाळकृष्ण, आणि उरली एक जागा. त्या जागेवर एक तर मी, नाही तर शैलेंद्र.

शैलेंद्र म्हणजे गोपाळकृष्णच्या बहिणीचा मुलगा, वय बावीस. त्याच्या काकांनी सिंगापूरहून कीबोर्ड आणला होता. त्यावर एक बोट ठेवलं की अख्खा कॉर्ड वाजे, मागून ड्रमही वाजे. पोराला वाजवता येत होतं फक्त ए मायनरमधे. दुसऱ्या पट्टीत गायचं असेल तर तो एक बटन दाबे आणि यंत्र आपोआप वर-खाली होई. काचेच्या छोट्या पाटीवर किती वर, किती खाली तो आकडा दिसे. मी सगळ्यांसमोर त्याला हसत असे, की हा बटन वाजवतो, बाजा नाही. माझी क्लिप खिशात होती आणि त्याचं बटन उघड्यावर होतं, एवढाच आमच्यात फरक. गोपाळकृष्णने सांगून ठेवलं होतं की आजचा कार्यक्रम ऐकून मी ठरवीन.

संध्याकाळी सातला सुरू झालं. समाजाचा हॉल भरलेला, पुढच्या रांगेत इंदूरच्या हॉटेलचा माणूसही बसला होता.  चार गाणी नीट गेली. पाचवं आमच्या गाणाऱ्या श्रीकांतचं. त्याचा आवाज जाड, म्हणून ते दोन पट्ट्या खाली, जी मायनरमधे. शैलेंद्रने बटन दाबलं, मी क्लिप चढवली, दोघांचंही भागलं. टाळ्या पडल्या.

पुढचं गाणं जयूचं. जयू आमच्या शेजारची. मीच तिला ऑर्केस्ट्रात आणली होती आणि मला ती काका म्हणायची. तिची पट्टी ए मायनर. मी क्लिप काढून खिशात टाकली. आमच्याकडे रिवाज असा की गाण्याआधी गाणाऱ्याला सूर गिटारने द्यायचा. कीबोर्ड आल्यापासून ते काम शैलेंद्रकडे गेलं होतं, पण जयूने सवयीने माझ्याकडेच पाहिलं. मी हलकेच ए मायनर दिला. तिने डोळे मिटून आलाप सुरू केला. आलाप एकटीचा होता, तो संपला की सगळी वाद्यं एकदम येणार होती.

आणि माझी नजर शैलेंद्रच्या पाटीवर गेली. तिथे उणे दोन होतं.

तो बटन परत दाबायला विसरला होता. बोटं बरोबर जागेवर अधांतरी धरून, मान खाली घालून तो आपली वाट पाहत होता. त्याच्या आणि माझ्यामधे दोन हात अंतर होतं. नुसतं ‘बटन’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. आलाप बराच लांब होता. जयू तो सावकाश, जीव लावून घेत होती.

मी गप्प बसलो. मला काही सुचलं नाही असं नाही, चांगलं सुचत होतं. पुढच्या रांगेतला माणूस ऐकेल, गोपाळकृष्ण ऐकेल, यंत्राची अब्रू आपसूक जाईल आणि शनिवारी गाडीत मी बसेन. जयूचं काय होईल तेही दिसत होतं. तिकडे मी पाहिलं नाही. 

आलाप संपला. शैलेंद्रचं बोट पडलं. दोन्ही भोंग्यांतून जी मायनर हॉलभर घुमला आणि त्याच क्षणी माझा ए मायनर त्यावर आपटला. असा घाण आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. जयू दचकली. पण गाणारा माणूस मोठ्या आवाजामागे जातो. एका ओळीत ती खाली उतरली आणि कीबोर्डला जाऊन मिळाली. ढोलकला काही फरक पडणार नव्हता. आता सगळे एका बाजूला आणि बेसूर मी एकटा.

पुढच्या रांगेतली डोकी वळली ती शैलेंद्रकडे नाही, माझ्याकडे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी हात वर सरकवला आणि मानेवरच्या तिसऱ्या पडद्यावर जी मायनर धरला. आडवं बोट घालून धरतात तसाच. बोट दाबलं जाईना. तारा फटफट वाजल्या. क्लिप खिशात होती, ती चढवायला जो वेळ लागतो तो सगळा मी गप्प बसण्यात घालवला होता. शेवटी मी तारांना न लागता नुसता हात हलवत राहिलो. गाणं तसंच पुढे गेलं. अंतऱ्यात जयूचा सूर इतका खाली गेला की ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

मध्यंतर झालं, आम्ही पडद्यामागे आलो. जयू खुर्चीवर बसून पदराने तोंड पुसत होती. गोपाळकृष्ण आत आला तसा शैलेंद्र उभा राहिला. “मामा, गलती माझी आहे,” तो म्हणाला. “मी बटन वापस नाही केलं. प्रभाकरकाका बरोबर वाजवत होते.”

गोपाळकृष्णने त्याला हाताने खाली बसवलं. मग मला म्हणाला, की मशीनचा भरोसा नाही, शनिवारी इंदूरला तू चल.

मला हवं होतं ते मिळालं होतं. पोराने स्वतःच्या हाताने ते माझ्या ताटात वाढलं होतं. मला त्याचा राग आला, खरंच आला. त्याने दुसरं काहीही सांगितलं असतं तर मी पचवलं असतं. जयू वर बघून म्हणाली, “काका, मी उगाच खाली आले. मी तुमच्याच सुरावर राहायला पाहिजे होतं.”

तेव्हा माझ्याने राहवलं नाही. “मला दिसलं होतं,” मी म्हणालो. “पाटीवर उणे दोन होतं. तुझा आलाप चालू होता तेव्हाच दिसलं होतं.”

“मग बोलला का नाही?” गोपाळकृष्णने विचारलं.

मी गिटार बाजूला ठेवली. का, ते सगळ्यांनाच कळलं होतं. जयूने मान फिरवली.

गोपाळकृष्ण मात्र जुना माणूस, त्याचे कान तयार. त्याने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला. म्हणाला, बरं, नाही बोललास, पण नंतर जी मायनर का नाही लागला? तू तर एफवाला. मी म्हटलं, घाबरलो होतो. त्याने माझी गिटार उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

“एफ लाव,” तो म्हणाला.

मी बोट आडवं ठेवलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.  तारांवरून अंगठा फिरवला. सहापैकी दोन वाजल्या.

“केव्हापासून आहे हे?”

“दोन वर्षं झाली.”

“आणि तू सगळ्यांना सांगत फिरतोस की ए मायनर आवडतो.”

“दुसरा येतच नव्हता,” मी म्हणालो. “मग तोच आवडून घेतला.”

बाहेर लोक बसायला लागले होते. शैलेंद्रने बटन शून्यावर आणलं, एकदा तपासलं, परत तपासलं. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, की दुसऱ्या भागात सूर कोण देणार. मी जयूकडे पाहिलं. ती शैलेंद्रच्या शेजारी जाऊन उभी राहिली.